जीप गाडीचें मूळ व तिची मुंबई उपनगरांतील शाखा

(१) प्रयोजन

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. यंत्राच्या बाबतींत मात्र दोन्ही शोधावीं लागतात. कारण यंत्राचें मूळ कोणाचें यावरून कज्जे उत्पन्न होतात, आणि ते कज्जे वतनाच्या कज्ज्यांप्रमाणेंच अखेरीस कागदांवर येऊन ठेपतात. इ. स. २०१८ पासून २०२० पर्यंत अमेरिकेंत असा एक कज्जा चालला. मुंबईंत रुजलेल्या जीप गाडीच्या वंशांतील एका नव्या वाहनाचें रूप कोणाच्या मालकीचें, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता.

पोथ्या व दप्तरें यांच्या अभ्यासकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु जीपचा प्रसार नकलांनीं झालेला आहे. आराखडा एकाचा, पहिली प्रचलित प्रत दुसऱ्याची, तिची हुबेहूब नक्कल तिसऱ्याची, आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेल्या प्रतींपैकीं कांहीं मुंबईच्या उपनगरांतील, अशी ही परंपरा आहे. प्रत्येक नकलेंत कांहीं पाठ टिकले, कांहीं बदलले, कांहीं नव्यानें शिरले. सबब ज्या कसोट्या आपण पोथीस लावतों त्याच या गाडीस लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ही तपासणी आज करण्याचें कारण शेवटच्या कलमांत येईल.

(२) चाक आणि वाट

चाक हें वाटेचें मिंधें आहे. सह्याद्रीच्या घाटांतून पेशवाईंत माल चाले तो मुख्यत्वें बैलांच्या पाठीवरून. बोरघाटांत गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. तोंपर्यंत त्या घाटानें देश व कोंकण यांमधील जड व्यवहार लमाणांच्या तांड्यांवर व हमालांच्या खांद्यांवर अवलंबून असे. मैदानांतील गाडा घाटाच्या तोंडाशीं येऊन थांबे, आणि तोफ चढवावयाची तर माणसें व जनावरें जुंपून ती ओढावी लागे.

मोटार आली तरी हें मिंधेपण सुटलें नाहीं. साधारण मोटारींत एंजिनाची शक्ति दोनच चाकांस पोंचते. तीं दोन चाकें चिखलांत किंवा वाळूंत जागच्या जागीं फिरूं लागलीं म्हणजे उरलेलीं दोन केवळ ओझें होऊन बसतात. चारही चाकांस शक्ति दिली तर गाडीचें सर्व वजन ओढीच्या कामीं येतें. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत ब्रॅमा डिप्लॉक यानें १८९३ सालीं वाफेच्या ओढगाडीसाठीं या धर्तीची सनद घेतली. हॉलंडांत स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं चार चाकांच्या ओढीची मोटार बनविली. आणि अमेरिकेंतील जेफरी कंपनीची १९१३ सालची ‘क्वाड’ मालमोटार पहिल्या महायुद्धांत पुष्कळ वापरली गेली. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें निराळा मार्ग धरला. मागील चाकांच्या जागीं फिरते पट्टे बसवून तिच्या गाड्यांनीं १९२२–२३ च्या हिवाळ्यांत सहारा ओलांडला, आणि १९३१ सालीं बैरूतहून पेकिंगकडे निघालेली तिची एक तुकडी काश्मीर व गिलगिटच्या मार्गानें गेली.

तथापि हलकी व सर्वत्र जाणारी गाडी मिळेना. खरी अडचण पुढच्या चाकांची होती. त्यांना वळावेंही लागतें आणि शक्ति घेऊन फिरावेंही लागतें. वळलेल्या कोनांतही समगति राखणारा सांधा सुधारेपर्यंत अशी गाडी स्वस्त व टिकाऊ होणें कठीण होतें.

(३) मूळ प्रत कोणाची

ता. ११ जुलै १९४० रोजीं अमेरिकी सैन्याच्या साहित्यखात्यानें १३५ कारखानदारांस पत्र पाठवून चार चाकांच्या ओढीची एक हलकी टेहळणीची गाडी मागितली. वजनाची मर्यादा १३०० पौंड, आणि नमुना ४९ दिवसांत हजर करावयाचा, अशी अट होती. उत्तर दोघांचेंच आलें : पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवची अमेरिकन बँटम कंपनी आणि टोलेडो शहरची विलिस-ओव्हरलँड कंपनी. बँटमनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास बोलाविलें. त्यानें दोन-तीन दिवसांत आराखडे पुरे केले, आणि ता. २३ सप्टेंबर १९४० रोजीं बँटमची गाडी बाल्टिमोरजवळील होलाबर्ड छावणींत मुदतीच्या आंत येऊन उभी राहिली. १३०० पौंडांची मर्यादा मात्र कोणालाच पाळतां आली नाहीं.

यापुढचा प्रकार संशोधकानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. बँटमचा कारखाना लहान. त्याच्यानें मोठी मागणी पुरी होणार नाहीं, असें सैन्याचें मत पडलें. म्हणून बँटमचे आराखडे विलिस व फोर्ड यांस पाहावयास देण्यांत आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या दोघांचेही नमुने तयार झाले. तिन्ही नमुन्यांच्या परीक्षेंत विलिसचें एंजिन सरस ठरलें. डेल्मर रूस या अभियंत्यानें सुधारलेलें, १३४ घन इंचांचें व ६० अश्वशक्तीचें असें तें होतें. जुलै १९४१ मध्यें १६,००० गाड्यांची मागणी विलिसला मिळाली. पुढें तीच गाडी विलिसच्या आराखड्याप्रमाणें फोर्डनेंही बनवावी असें ठरलें. युद्ध संपेपर्यंत विलिसच्या सुमारें ३,६०,००० व फोर्डच्या सुमारें २,८०,००० गाड्या झाल्या. ज्या बँटमनें आरंभ केला तिच्या वांट्यास तीन हजारांहूनही कमी आल्या, आणि पुढें तिला गाडीमागें जोडावयाच्या ठेल्यांचें काम मिळालें.

जीपची निर्मिति आपण केली, अशी जाहिरात विलिस कंपनीनें युद्धकाळींच सुरू केली. तिजवर फेडरल ट्रेड कमिशनपुढें १९४३ सालीं तक्रार गुदरली. १९४८ सालीं निवाडा झाला तो असा कीं, ही कल्पना बँटम कंपनीनें सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या सहकार्यानें प्रथम उभी केली. विलिसनें तिचें श्रेय घेऊं नये. तरीही १९५० सालीं ‘जीप’ या नांवाची व्यापारी खूण विलिसच्याच नांवें नोंदली गेली. श्रेय एकास व वतन दुसऱ्यास, असा हा प्रकार झाला.

(४) नांवाची मीमांसा

‘जनरल पर्पज’ म्हणजे सर्वकामी, या शब्दांच्या ‘जी. पी.’ या आद्याक्षरांवरून जीप हें नांव पडलें, असें सर्वत्र सांगितलें जातें. ही व्युत्पत्ति कागदांच्या कसोटीस उतरत नाहीं. सैन्याच्या दप्तरांत या गाडीचें नांव पाव-टनी, चार चाकांच्या ओढीची, अधिकारी-टेहळणी मोटार अशा अर्थाचें आहे. सर्वकामी गाडी असें नाहीं. ‘जी. पी.’ हीं अक्षरें फोर्डच्या एका नमुन्याचीं आहेत, आणि फोर्डच्या संकेतांत ‘जी’ म्हणजे सरकारी कामाची व ‘पी’ म्हणजे ८० इंच अंतराच्या चाकांची टेहळणी गाडी, असा त्यांचा अर्थ आहे. पुढें विलिसच्या आराखड्याप्रमाणें बनविलेल्या गाडीस फोर्डनें ‘जी.पी.डब्ल्यू.’ म्हटलें, त्यांतील ‘डब्ल्यू’ हें विलिसचें आद्याक्षर.

शिवाय ‘जीप’ हा शब्द गाडीहून जुना आहे. पॉपाय नाविकाच्या चित्रमालिकेंत १९३६ सालीं ‘यूजीन द जीप’ नांवाचा एक अद्भुत प्राणी आला होता. त्याला कोठेंही जातां येत असे. सैनिकांच्या बोलींतही नव्या, न पारखलेल्या वस्तूस हा शब्द लावीत, असें आढळतें. १९४१ च्या आरंभीं वॉशिंग्टनमधील एका वृत्तपत्रानें विलिसच्या चालकाच्या तोंडचें हें नांव छापलें आणि तें गाडीला कायमचें चिकटलें. उलट जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत बनलेल्या ‘जोंगा’ गाडीचें नांव मात्र खरोखरच तेथील कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळविलेलें आहे. तात्पर्य, आद्याक्षरांची व्युत्पत्ति सरसकट त्याज्य नव्हे. प्रत्येक ठिकाणीं समकालीन लेख पाहिला पाहिजे, इतकेंच.

(५) युद्धकालीन दोन प्रतींची ओळख

विलिसची प्रत व फोर्डची प्रत हीं वरवर पाहतां एकच दिसतात. कारण कोणत्याही गाडीचा कोणताही भाग दुसरीस बसावा हीच सैन्याची अट होती. तरी लेखकाचें वळण जसें लपत नाहीं तसें कारखान्याचेंही लपत नाहीं. फोर्डनें आपल्या प्रतींतील अनेक भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरदेखील, आपल्या वळणाचा ‘एफ’ उठविलेला आहे. विलिसच्या सांगाड्याची पुढील आडवी दांडी नळीची असते, तर फोर्डची पालथ्या पन्हळीसारखी. विलिसच्या आरंभींच्या सुमारें २५ हजार गाड्यांची पुढील जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली आहे. फोर्डनें ती एकाच पत्र्यांतून नऊ उभ्या खांचा पाडून केली, आणि हा पाठ स्वस्त व हलका ठरल्यामुळें पुढें विलिसनेंही स्वीकारला. मूळ ग्रंथकारानें नक्कलकाराची दुरुस्ती मान्य करावी, तशीच ही गोष्ट झाली. युद्धोत्तर नागरी गाडींत नवाच्या सात खांचा झाल्या.

सर्वांत मोलाची खूण म्हणजे चालकासमोरच्या फळीवरील धातूच्या पट्ट्या. त्यांवर गाडीचा अनुक्रमांक व सैन्याच्या स्वाधीन केल्याची तारीख ठोकलेली असे. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, शक व स्थळ देणारी पुष्पिका असते, तिची जागा या पट्ट्यांनीं घेतली आहे. पट्टी गेली कीं गाडी निर्नायकी होते. मात्र पट्टी दुसऱ्या गाडीवरून काढून लावलेली असूं शकते. म्हणून पट्टीवरील व सांगाड्यावरील आंकडे ताडून पाहिल्यावांचून कोणताही निर्णय करूं नये.

(६) मुंबईंत आगमन

ब्रह्मदेशच्या आघाडीवर ही गाडी हिंदी सैन्याच्या परिचयाची झाली होती. तिची भारतांतील परंपरा मात्र व्यापारी करारानें सुरू झाली. ता. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं ‘महिंद्रा अँड महंमद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. कैलासचंद्र हे युद्धकाळांत वॉशिंग्टन येथें हिंदुस्थान सरकारच्या खरेदीमंडळाचे प्रमुख होते. त्या मुक्कामांत वर उल्लेखिलेल्या रूस यांची व त्यांची गांठ पडली, असें कंपनीच्या इतिहासांत सांगतात. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले व १९५१ सालीं तेथील गव्हर्नर जनरल झाले. १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यांत आलें.

भारतीय जीपचा आरंभ कोणत्या वर्षीं धरावा, याविषयीं दोन सनें सांगितलीं जातात : १९४७ व १९४९. दोन्ही आपापल्या परीनें बरोबर आहेत. १९४७ सालीं ७५ गाड्यांचे सुटे भाग विलिसकडून पेट्यांत भरून आले. १९४९ सालीं माझगांव येथें ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जागा भाड्यानें घेऊन जुळणीचें काम स्थिरावलें. पहिलें सन आयातीचें आहे, दुसरें जुळणीचें. खुद्द भाग येथें बनविण्याचा क्रम १९५४ पासून टप्प्याटप्प्यानें चालू झाला. हीं तीन सनें एकमेकांत मिसळल्यामुळें पुष्कळ घोंटाळा झाला आहे. याच सुमारास, १९४७ सालीं, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या होत्या. मोटारधंदा बंदर सोडून साष्टीकडे सरकण्याचा हा काळ होय.

(७) कांदिवलीची शाखा व तिचे पाठभेद

माझगांवाहून ही परंपरा कांदिवलीस आली. कांदिवली हें गांव पुरातत्त्वज्ञांस अपरिचित नाहीं; तेथें सांपडलेल्या अश्मयुगीन हत्यारांवर टॉड यांनीं १९३९ सालीं लिहिलेलें आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं व १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतलेल्या साष्टी बेटाचा हा भाग बृहन्मुंबईंत १९५७ सालीं सामील झाला, व १९९० पासून मुंबई उपनगर जिल्ह्यांत मोडतो. येथील आकुर्ली रस्त्यावरील कारखान्यांत जीप व ट्रॅक्टर हीं दोन्ही शेजारीं-शेजारीं बनूं लागलीं, आणि त्या शेजाराचा परिणाम पाठावर झाला.

मुंबईच्या शाखेंत जो पाठ सर्वाधिक रूढ झाला तो ‘सी.जे.-३बी’ हा होय. १९५३ सालीं टोलेडोस निघालेल्या या गाडीचें बॉनेट उंच आहे. त्याचें कारण शोभा नव्हे. नव्या ‘हरिकेन’ एंजिनांत हवा घेणाऱ्या झडपा एंजिनाच्या माथ्यावर नेल्यामुळें एंजिन उंच झालें, आणि तें झांकण्यासाठीं बॉनेट उंचवावें लागलें. टोलेडो येथें हा नमुना १९६८ पर्यंत चालला. जपानांत मित्सुबिशीची शाखा १९५३ पासून १९९८ पर्यंत टिकली, आणि मुंबईंतही मूळ स्थळीं बंद पडलेला हा पाठ पुढें दीर्घकाळ चालूच राहिला. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना काश्मीरच्या शारदा लिपींतील प्रतींस जें महत्त्व दिलें त्याचें मर्म हेंच कीं, दूरच्या कोपऱ्यांतील शाखा जुना पाठ राखून ठेवते. जीपच्या बाबतींत असे दोन कोपरे झाले, एक जपान व दुसरा मुंबई.

परंतु शाखा जुना पाठ राखते तशी नवे प्रक्षेपही करते. १९६३ सालीं महिंद्रा व शिकागोची इंटरनॅशनल हार्व्हेस्टर यांनीं मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. पेट्रोल महाग झाल्यावर त्या ट्रॅक्टरांच्या जातीचें डिझेल एंजिन जीपच्या बॉनेटखालीं आलें. पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानें एंजिनें बनूं लागलीं; इगतपुरीचा कारखाना त्यासाठींच उभा राहिला, आणि १९८५ सालीं निघालेल्या ‘एम्.एम्.-५४०’ या गाडींत तें एंजिन बसलें. अशा रीतीनें अमेरिकी सांगाडा, ट्रॅक्टरची वा फ्रेंच धाटणीची शक्ति आणि मुंबईचा पत्रा असा संमिश्र पाठ सिद्ध झाला. २०१० सालची ‘थार’ याच परंपरेंतील. साहजिकच मुंबईच्या जीपला केवळ नक्कल म्हणणें जितकें चूक, तितकेंच तिला स्वयंभू म्हणणेंही चूक आहे.

(८) रूपाचा कज्जा

दरम्यान मूळ वतन हातोहात फिरत होतें. विलिस १९५३ सालीं कायझरकडे गेली. १९७० सालीं जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ सालीं क्रायस्लरकडे, आणि पुढें फियाट-क्रायस्लरकडे आला. इकडे मुंबईचा मालक तोच राहिला.

२०१८ सालीं महिंद्रानें ‘रॉक्सर’ नांवाची, सार्वजनिक रस्त्यासाठीं नव्हे तर शेतांत व आडवाटेनें चालविण्याची गाडी अमेरिकेंत काढली. तिचे भाग भारतांतून पेट्यांत जात व मिशिगन प्रांतांत जुळविले जात. १९४७ सालीं ज्या वाटेनें पेट्या आल्या त्याच वाटेनें ७१ वर्षांनीं त्या परत निघाल्या. ऑगस्ट २०१८ मध्यें फियाट-क्रायस्लरनें अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली कीं, सपाट उभ्या बाजू, चौकोनी अंग इत्यादि रूप हें जीपचें आहे. प्रतिवादींनीं दशकानुदशकांचा परवान्यांचा संबंध व २००९ सालचा एक करार पुढें केला; परंतु तो आधार पुरेसा ठरला नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें न्यायाधिकाऱ्यानें व जून २०२० मध्यें आयोगानें रॉक्सरविरुद्ध निर्णय दिला. मात्र जाळी व अंग बदलून काढलेली नवी रॉक्सर दोषी नाहीं, असें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ठरलें. न्यायालयांतील वाद त्यानंतरही चालू राहिला.

या निवाड्याचें योग्यायोग्य ठरविणें हें आपलें काम नव्हे. आपल्या दृष्टीनें बोध इतकाच कीं, ज्या रूपाची पहिली रेषा बँटमच्या अभियंत्यानें काढली, ज्याची जाळी फोर्डनें घडविली आणि ज्याचा जुना पाठ मुंबईनें राखला, त्याचा हक्क शेवटीं करार, नोंदी व वहिवाट यांवर तोलला गेला. जुने कागद ही केवळ हौसेची वस्तु नव्हे, याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

(९) संग्राहकांस विनंति

आतां हा विषय आजच घेण्याचें कारण. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी, संरक्षण व सुव्यवस्थेचीं कांहीं वाहनें वगळून, ता. १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला आहे. खात्यांच्या आवारांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या जुन्या जीप त्यामुळें मोडींत जाण्याचा संभव वाढला. दुसऱ्या बाजूस जुलै २०२१ च्या नियमानें ५० वर्षांहून जुन्या वाहनांस पुरातन वाहन म्हणून ‘व्ही.ए.’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षें चालते. परंतु तिची अट अशी कीं, सांगाडा, अंग व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आपल्याकडील पुष्कळ जीपांचीं पेट्रोल एंजिनें काढून तेथें डिझेल बसविलें गेलें. कायद्याच्या दृष्टीनें तो दोष होय. इतिहासाच्या दृष्टीनें तो शाखेचा स्वाभाविक पाठ आहे. कायदा अशा गाडीस वांचवूं शकला नाहीं तरी तिची नोंद वांचविणें आपल्या हातीं आहे.

म्हणून अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या संग्राहकांस सुचवावेंसें वाटतें कीं, जुनी जीप मोडींत जातांना दिसल्यास गाडी घेणें शक्य नसलें तरी चार गोष्टी कराव्या. पहिली, फळीवरील पट्ट्यांचे ठसे घ्यावे. दुसरी, सांगाड्यावरील व एंजिनावरील आंकडे निरनिराळे टिपावे, व ते जुळत नसल्यास तसें लिहावें. जुळवून घेऊं नयेत. तिसरी, नोंदणीपुस्तक व दुरुस्तीच्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. १९८९ पूर्वींचीं नोंदणीअक्षरें व त्यानंतरचीं अंधेरीचीं ‘एम्. एच्. ०२’ किंवा वडाळ्याचीं ‘एम्. एच्. ०३’ हीं गाडी कोणत्या काळीं कोठें नोंदली गेली याचा पुरावा आहेत. चौथी, कुर्ल्याच्या जुन्या मोटारभागांच्या बाजारांत सुटा भाग मिळाल्यास त्यावरील ‘एफ’सारख्या खुणा घासून टाकण्यापूर्वीं पाहाव्या. गंज काढण्याच्या भरांत पुष्पिका खरवडून टाकणारा संग्राहक हा वाळवीहून अधिक नुकसान करतो.

पोथी वाचावयास लागणारी सावधगिरी लोखंड वाचावयासही लागते. सुटलेल्या पानाची जागा कल्पनेनें भरूं नये, आणि हातीं आलेलें पान हरवूं देऊं नये. या दोन नियमांपलीकडे या कामासाठीं निराळी विद्या नको.